गुडघ्याच्या उंचीवरून

टालिनमध्ये साडेनऊ वाजलेत, तिथे साडेसात.
माझ्या खिडकीबाहेर नोव्हेंबरचा पहिला बर्फ
आणि मी मिल्टन कीन्सच्या ओल्या फुटपाथवर उभी,
गुडघ्याच्या उंचीवर,
सहा चाकांवर.

उभी कसली, खुर्चीत बसलेय.
पायात लोकरीचे मोजे, कपात गार झालेली कॉफी,
समोर चार पडदे.
एरवी त्यांना माझी गरज नसते.
रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात
शाळेत शिकवल्यासारखे,
आणि कुणाचं जेवण, कुणाची औषधं पोटात घेऊन
आपापले निघून जातात.
अडले की मला बोलावणं.

कशाला अडतात?
आडव्या पडलेल्या कचऱ्याच्या डब्याला.
हलायचंच नाही असं ठरवलेल्या एखाद्या लॅब्रेडॉरला.
काल खणलेल्या, नकाशाला ठाऊक नसलेल्या चराला.

ह्या उंचीवरून माणसं म्हणजे बूट.
चेहरे पडद्याच्या वर कुठेतरी राहून जातात.
तरी कळतं, कोण दमून घरी निघालंय:
टाच घासत येते.
लहान मुलं तेवढी अख्खी दिसतात.
परवा एकीनं कॅमेऱ्यावर हाऽऽ करून फुंकर मारली
आणि त्या वाफेत बोटानं मासा काढला.
पुढची तीन मिनिटं
मी माशाच्या पोटातून रस्ता बघत होते.

दोनशे सतरा नंबर आज पेन्हॅलिगनांच्या दारात अडला.
अर्धा लिटर दूध, चार अंडी, मांजराचं खाणं.
दर मंगळवारी हेच.
दार उघडतं, तपकिरी सपाता येतात,
डावीला अंगठ्याशी भोक.
झाकण उघडतं, मिटतं,
वरून आवाज येतो, "जपून जा रे बाळा."

मला बोलता येत नाही.
कंपनीनं तीन बटणं दिलीत:
नमस्कार. धन्यवाद. कृपया वाट द्या.
एकदा घाईत तिसरं दाबलं गेलं
तर सपाता स्वतःच्याच दारातून बाजूला सरल्या,
"या की, आत या," म्हणत.

आज पिशवी गेली, पण झाकण मिटेना.
यंत्राला वाटलं बिघाड.
मी बघितलं तर
सपातांच्या वर विजारीचे गुडघे आले,
मग स्वेटर, मग कठड्याला धरलेला हात,
आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच, चेहरा.
पांढऱ्या भुवया. चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
"आमच्या झाडाचं आहे," म्हणाले, "शेवटचं."
आत काहीतरी ठेवलं. ठक्.

वजन एकशे चाळीस ग्रॅम.
पडद्यावर लाल चौकट: आत अनोळखी वस्तू आहे का?
नियम साधा आहे. हो म्हणायचं,
रोबो जागीच थांबवायचा,
वरच्यांना कळवायचं.
मग कुणीतरी हातमोजे घालून येतं.

मी माऊसवर बोट ठेवून बसले.
शेजारच्या टेबलावरची हेलिका म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
आणि "नाही"वर टिचकी मारली.

मग सव्वा मैल ते सफरचंद आतल्या आत गडगडत राहिलं.
प्रत्येक उतारावर पुढे, प्रत्येक चढावर मागे.
हेडफोनमधून मी ऐकत होते.
तिसऱ्या पडद्यावर कुणाचा पिझ्झा निवत होता, निवू दिला.
मध्ये अख्खा समुद्र,
माझा हात काही पुरणार नव्हता.

डेपोत केशरी बूट आले. रात्रपाळीचा टेमी.
झाकण उघडलं.
"हे काय?"
बूट इकडे वळले, तिकडे वळले.
खाली फक्त फरशी, चार्जिंगच्या तारा,
कुणाच्या तरी पँटीला पुसल्याचा आवाज.
मी आवाज पूर्ण वाढवला.

कर्रर्र.

आंबट असणार.
केशरी बूट क्षणभर थबकले,
एकावर एक चढले,
आणि मग
पुन्हा.